थंड हवा छतातच हरवत होती: मोटरहोमच्या एसीचे सात आठवडे

१२ एप्रिलच्या दुपारी दोन वाजता आईच्या उशाशी ठेवलेला थर्मामीटर ३२ अंश दाखवत होता. बाहेर ३८. एसी सकाळी अकरापासून, म्हणजे सलग तीन तास सुरू होता. मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या राहायची सोय असलेल्या गाडीच्या मधल्या भागात, एसीच्या बरोबर खाली उभं राहिलं तर गारठून जायला होत होतं, आणि मागच्या बेडरूममध्ये आई मानेवर ओला रुमाल ठेवून पडली होती. "मला काही होत नाही गं, तुम्ही पुढे बघा," ती म्हणाली. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तिचा चेहरा लालबुंद झालेला मला दिसत होता. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही गाडी झाडाखाली लावून थांबलो आणि तिथेच मी आणि दादाने ठरवलं, की या एसीचा छडा लावल्याशिवाय आईला घेऊन निघायचं नाही.

छडा लागला, पण त्याला सात आठवडे गेले. त्यातले बरेच दिवस आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. तुमच्याही गाडीत मध्ये गारठा आणि दोन्ही टोकांना उकाडा असेल, तर तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचं मोटरहोम ९ मीटर लांबीचं. छताच्या मधोमध एकच एसी, तासाला १५,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक), म्हणजे सव्वा टनाचा. छताच्या जाडीत पुढून मागे जाणारे दोन समांतर डक्ट, म्हणजे थंड हवा वाहून नेणारे बोगदे आहेत, प्रत्येकावर चार, असे एकूण आठ झरोके. 'सव्वा टन' हा शब्द आपण सहज वापरतो, पण मी त्याचा अर्थ या निमित्ताने पहिल्यांदा समजून घेतला. साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढून घेण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू. आमचं यंत्र दिवसाला अकराशे किलोंहून जास्त बर्फाच्या तोडीचं काम करू शकतं. एवढी थंडी तयार होत असेल तर ती जाते कुठे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच प्रश्नाचा झाला.

पहिला आठवडा नेहमीच्या उपायांत गेला. फिल्टर काढून धुतले. धूळ होती, पण चोंदलेले नव्हते. पुढच्या काचेवर आणि छताच्या खिडक्यांवर चकचकीत उष्णतारोधक पडदे लावले, त्याने पुढच्या भागात दोनेक अंशांचा फरक पडला. हे पडदे सगळ्यांनीच लावावेत, कारण आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा तिला आत येऊ न देणं केव्हाही सोपं. मागच्या खोलीत मात्र काडीचा फरक नाही. एसीच्या खालच्या कव्हरला असलेली थेट हवा सोडणारी झडप आम्ही उघडून पाहिली, तर मधला भाग आणखी गार झाला आणि डक्टमध्ये जाणारी हवा आणखी कमी झाली. हा उपाय बरेच जण सुचवतात. तुम्ही सगळे गाडीच्या मध्यभागीच बसणार असाल तर ठीक, एरवी उघडू नका.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. रात्री झरोक्यांतला वारा हळूहळू मंदावत जायचा आणि पहाटे मधल्या कव्हरमधून पाणी ठिबकायचं. दादाने फिल्टर काढून टॉर्च मारली तर आतली कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, पांढरीशुभ्र. बर्फ साचला होता. मला आधी वाटलं, बर्फ होतोय म्हणजे एसी जोरदार चाललाय. खरं तर उलट आहे. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की तिचं तापमान शून्याखाली उतरतं, हवेतली वाफ तिच्यावर गोठते, बर्फामुळे हवेची वाट आणखी अडते आणि मग वारा पार बसतो. असं झालं तर कॉम्प्रेसर बंद करून फक्त पंखा सर्वात जोरात अर्धा-पाऊण तास चालवायचा, बर्फ आपोआप वितळतो. टोकदार वस्तूने तो खरवडायला जाऊ नका. कॉइलची नळी फुटली तर गॅस जाईल, आणि मग खर्च वेगळ्याच पातळीवर पोचतो.

१६ एप्रिलला एसीच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. एसी हमीच्या मुदतीत होता. तक्रारीसाठी मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, खरेदीची पावती, यंत्रावरच्या पट्टीचा फोटो आणि थर्मोस्टॅटचा व्हिडिओ एवढं लागलं. अनुक्रमांकाची पट्टी कुठे असते ते आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या एसीत ती खालचं फिल्टरचं कव्हर काढल्यावर, आत वरच्या बाजूला दिसली. तिचा फोटो मोबाइलमध्ये आजच काढून ठेवा, तक्रारीच्या वेळी फार धावपळ वाचते. चार दिवसांनी तक्रार क्रमांक आला. मग फोन केला की "आपली विनंती प्रक्रियेत आहे." मी एका वहीत तारीख, वेळ, कोण बोललं आणि काय बोललं हे लिहायला लागले. तिसऱ्या फोनला मी वहीतल्या तारखा वाचून दाखवल्या तेव्हा पहिल्यांदा भेटीचा दिवस मिळाला. ५ मे. तक्रार केल्यापासून एकोणीस दिवस.

तंत्रज्ञ वेळेवर आले, माणूस सभ्य होता, हे मुद्दाम सांगते. त्यांनी परतीच्या जाळीपाशी, म्हणजे खोलीतली हवा एसीत जिथून ओढली जाते तिथे, तापमान घेतलं. ३१ अंश. मग सगळ्यात जवळच्या झरोक्याशी घेतलं. १५ अंश. "ताई, सोळाचा फरक देतंय. मशीन एकदम फर्स्ट क्लास आहे," ते म्हणाले. कंपनीची जबाबदारी यंत्रापुरती, डक्टचं काम गाडी बांधणाऱ्यांचं, असं त्यांनी कागदावर लिहून सही घेतली आणि वीस मिनिटांत गेले. जाताना एक सल्ला दिला, मागच्या खोलीवर दुसरा एसी बसवून घ्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. यंत्र बरं आहे असं कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं, पण आईची खोली तशीच तापलेली होती. दुसऱ्या एसीचं दरपत्रक मागवलं, तर त्यात नुसतं यंत्र नव्हतं. छताला नवं भोक, तिथे आधाराची चौकट, वेगळी वायरिंग, वेगळा ब्रेकर, आणि दोन्ही एसी एकदम चालवायचे तर जनरेटरही मोठा. शिवाय छतावर आणखी चाळीसेक किलो वजन. आकडा बघून दादा म्हणाला, "अगं, एवढ्यात तर आपल्या तीन वर्षांच्या सहली होतात."

मग मी तापमानाच्या फरकाबद्दल वाचत बसले. छतावरच्या अशा एसीत परतीची हवा आणि झरोक्यातली हवा यांत साधारण ९ ते १२ अंशांचा फरक अपेक्षित असतो. हवा दमट असेल तर त्याहून कमी, कारण यंत्राची काही ताकद वाफेचं पाणी करण्यात जाते. आमचा फरक सोळा. म्हणजे कौतुकाचा आकडा आमच्यासाठी धोक्याचा होता. इतका फरक पडतो तेव्हा दोन शक्यता असतात. एक, कॉइलवरून हवा फार कमी जाते आहे. दोन, आधीच गार झालेली हवा खोलीत न येता कुठूनतरी परत एसीच्याच तोंडात जाते आहे आणि दुसऱ्यांदा गार होते आहे. बर्फ दोन्हींत होतो.

८ मेला दादाच्या मित्राकडून वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र, ॲनिमोमीटर, आठवडाभरासाठी आणलं. पंखा सर्वात जोरात, खिडक्या बंद, आठही झरोके पूर्ण उघडे, आणि प्रत्येक झरोक्याला यंत्र टेकवून तीन-तीन वेळा मोजलं. एसीजवळच्या झरोक्यात सेकंदाला ३.४ मीटर. पुढच्या टोकाला १.१. आईच्या डोक्यावरच्या झरोक्यात ०.८. हे आकडे मी कागदावर गाडीचा नकाशा काढून त्यात भरले. असा नकाशा नक्की करा. मनात जे 'मागे कमी येतं' असं मोघम असतं, ते कागदावर आलं की काम कुठून सुरू करायचं ते आपोआप दिसतं. यंत्र नसेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी प्रत्येक झरोक्याशी धरा आणि ती किती आडवी होते ते बघा. अंदाज पुरेसा येतो.

आम्हाला खरं उत्तर त्या पट्टीनेच दिलं. खालचं कव्हर फक्त फिल्टरपुरतं उघडं होतं. मी सहज पट्टी आतल्या कडेशी धरली, जिथे थंड हवेचा कप्पा आणि परतीच्या हवेचा कप्पा शेजारी-शेजारी येतात. पट्टी हातातून निसटून आत ओढली गेली. तिथे फट होती. दोन्ही कप्प्यांमधली पडदी नीट बसलेलीच नव्हती.

हे थोडं समजावून सांगते, कारण सगळं मर्म इथे आहे. छतावरच्या एसीसाठी छताला साधारण ३६ सेंटिमीटरचं चौकोनी भोक असतं. त्याच एका भोकातून खोलीतली गरम हवा वर जाते आणि त्याच भोकातून थंड हवा खाली येऊन बाजूच्या डक्टमध्ये वळते. दोन्ही वाटा एकाच चौकोनात, मध्ये फक्त एक पडदी. पंखा एका बाजूने ओढतो, दुसऱ्या बाजूने ढकलतो, त्यामुळे पडदीला थोडीशी जरी फट राहिली तरी हवा नऊ मीटरच्या डक्टमधून जाण्याऐवजी त्या फटीतून लगेच परत फिरते. तिला दोष देता येत नाही, जवळची वाट कोणीही धरेल.

१० मेला गाडी बांधणाऱ्यांना पत्र लिहिलं. फोटो, आकड्यांचा नकाशा, तंत्रज्ञांचा कागद, सगळं जोडलं. उत्तर सात दिवसांनी आलं. डक्टचं काम त्यांचंच, पण त्यावरची हमी एक वर्षाची आणि आमची गाडी तिसऱ्या वर्षात. एसीचे म्हणतात डक्ट बघा, डक्टचे म्हणतात मुदत संपली. या दोघांच्या मधल्या जागेत अडकण्याची पाळी अनेकांवर येत असणार. मी त्यावर आणखी वाद घातला नाही. एसीच्या कंपनीला मात्र एक साधा प्रश्न लेखी विचारला: आतलं कव्हर उतरवून पडदी आणि डक्टचे सांधे आम्ही स्वतः बंद केले तर एसीची हमी राहील का? दोन दिवसांत उत्तर आलं. गॅसच्या नळ्या, वायरिंग आणि कंट्रोल बोर्ड यांना हात लावायचा नाही, बाकी चालेल. ते छापून फाइलमध्ये ठेवलं. तुमच्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा पाना हातात घेण्याआधी हे उत्तर लेखी मिळवाच.

२४ मेला सकाळी सहा वाजता कामाला बसलो, उन्हं चढायच्या आत. बाहेरच्या विजेची वायर काढली, इन्व्हर्टर बंद, ब्रेकर बंद. जनरेटर नुसता बंद करून भागत नाही. आमचा जनरेटर आत तापमान वाढलं की आपोआप सुरू होतो. ती आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करायची, हे दादाच्या ध्यानात आलं म्हणून बरं. एसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ भार राहतो, त्यामुळे त्या डब्याकडे आम्ही गेलोच नाही. हातमोजे, चष्मा आणि मास्क घातले, कारण छताच्या कापलेल्या कडांतून फायबरचे तुसे उडतात आणि ते कातडीत रुतले की दोन दिवस खाज जात नाही.

कव्हर उतरवलं. आत बघितलं आणि दोघंही गप्प झालो. पडदी म्हणजे एक पत्र्याची पट्टी, वर एसीच्या बुडापर्यंत पोचतच नव्हती. वर करंगळी जाईल एवढी फट, तिच्यावर लावलेली कापडी टेप सुटून वाळक्या सालीसारखी लोंबत होती. त्याहून वाईट भोकाच्या चारही कडा. छताचं प्लायवूड, त्यावर थर्मोकोल, त्यावर वरचा पत्रा, हे सगळे थर कापले तसेच उघडे. त्यांच्यामधल्या पोकळीतून थंड हवा छताच्या पोटात जात होती. थर्मोकोलवर जिथे-जिथे गळती होती तिथे काळपट धुळीचे ओघळ उमटले होते. हे ओघळ तुम्हालाही दिसतील. गळती शोधायला दुसरं साधन लागत नाही, धूळच बोट दाखवते. परतीच्या बाजूला याच पोकळीतून छताची तापलेली हवा एसीत ओढली जात होती. उन्हात तापलेल्या छताच्या आत किती गरम असतं, ते हात घातल्यावर सकाळी नऊलाच कळलं. आईच्या खोलीत जायची हवा आम्ही दोन वर्षं छताला पाजत होतो. मला त्या क्षणी रडू आलं, कारण त्या सगळ्या दुपारी डोळ्यांसमोर आल्या.

आधी एसीला छताशी धरून ठेवणारे चार बोल्ट तपासले. एक सैल होता. वरचं गॅस्केट, म्हणजे एसी आणि छत यांच्यामधलं मऊ पॅकिंग, मूळ जाडीच्या साधारण निम्मं दबलेलं असावं लागतं. कर्णाने समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा करत घट्ट केले. जोर लावून आवळू नका, गॅस्केट चेपून जातं आणि मग पाणी झिरपतं.

टेपबद्दल आवर्जून सांगते. 'डक्ट टेप' या नावाने जी राखाडी कापडी टेप मिळते ती डक्टला लावू नका. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी डक्टचे सांधे बंद करायच्या निरनिराळ्या टेप आणि लेप तापवून-थंड करून तपासले होते, त्यात कापडी डक्ट टेपच टिकली नाही. आमच्या छतात लोंबणारी तीच होती. हवी ती ॲल्युमिनियमच्या फॉइलची टेप, मागे सोलायचा कागद असलेली. तिच्यासाठी जागा स्वच्छ करण्यात आमचा निम्मा दिवस गेला आणि तो वेळ सत्कारणी लागला. आधी ब्रशने धूळ, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं फडकं, मग पूर्ण वाळू द्यायचं. टेप लावल्यावर तिच्यावरून जुनं प्लास्टिकचं कार्ड जोर देऊन फिरवायचं, सुरकुती राहिली तर तिथूनच हवा निघते. फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या असतात. माझी दोन बोटं कापली, हातमोजे एका मिनिटासाठी काढले होते.

कडांचे सगळे थर फॉइल टेपने मढवल्यावर पडदी. जुनी काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना फॉइल असलेल्या २५ मिलिमीटर जाड इन्सुलेशन बोर्डची नवी केली. पत्रा थंडी आरपार नेतो, बोर्ड नेत नाही, म्हणून बोर्ड. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. आम्हाला चार पुठ्ठे लागले तेव्हा कुठे एसीच्या बुडाच्या खाचाखोचा त्यात उतरल्या. पाचव्या वेळी बोर्ड कापला तो चपखल बसला. वर, खाली, दोन्ही बाजूंना टेप. एसीच्या पाण्याचा निचरा होणारी भोकं मात्र मोकळी राहिलीच पाहिजेत. ती बुजली तर पाणी गाडीत उतरेल.

मग वळण. थंड हवा वरून सरळ खाली येते आणि तिला एकदम काटकोनात डक्टमध्ये वळावं लागतं. आमच्याकडे ती सपाट कव्हरवर आपटून भोवंडत होती. त्याच बोर्डचे उतरते तुकडे कापून आम्ही दोन्ही डक्टच्या तोंडाशी घसरगुंडीसारखा उतार केला, फॉइलने गुळगुळीत केला. हे काम दिसायला किरकोळ, पण पडदीनंतर सगळ्यात जास्त फरक याने पडला असं माझं मत आहे.

पहिला दिवस इथे संपला. कव्हर लावून एसी चालू केला तेव्हा आईच्या झरोक्यात १.५ मीटर मिळाले. आधी ०.८ होते. आई म्हणाली, "आता कळतंय हं वारं." त्या वाक्यावर पुढचा आठवडा काढला.

३१ मेला झरोके घेतले. एकेक जाळी काढून आत टॉर्च आणि मोबाइलला जोडायचा नळीसारखा कॅमेरा घातला. डक्टमध्ये गाडी बांधतानाचा कचरा तसाच होता: थर्मोकोलचा भुगा, लाकडाचे ढलपे, एक गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवी मागच्या डाव्या डक्टमध्ये, आईच्या खोलीच्या अलीकडे अडकलेली. व्हॅक्यूमच्या लांब नळीने भुगा ओढला, पिशवी तारेचा आकडा करून काढली. दोन झरोक्यांना वरचं डक्टचं भोक जाळीपेक्षा बरंच लहान कापलेलं होतं, ते कटरने जाळीच्या मापाचं केलं. इथे घाई नको. छतातून दिव्यांच्या वायरी जातात. आधी कॅमेऱ्याने चारही बाजू बघा, दिव्यांची वीज बंद करा, मगच पातं लावा. आठही झरोक्यांशी डक्ट आणि छताची आतली पाटी यांच्यात फट होती, तिथेही हवा पोकळीत जात होती. ती टेपने आतून मढवली.

डक्टच्या टोकांबद्दल मला आधी काहीच माहिती नव्हती. आईच्या डोक्यावरचा झरोका हा डक्टचा शेवट असेल असं मी धरून चालले होते. कॅमेरा पुढे सरकवला तर डक्ट त्यापुढेही मीटरभर जात होता आणि शेवटी भिंतीच्या पोकळीत उघडा पडला होता. हवा झरोका ओलांडून सरळ तिथे जात होती. शेवटच्या झरोक्याच्या जरा पुढे थर्मोकोलचा उतरता ठोकळा घट्ट बसवला, कडेने टेप, म्हणजे हवा त्याला लागून खाली वळते. चारही टोकांना हेच केलं. थंड हवा अशी बंद पोकळीत साचत राहिली तर तिथे पाणी सुटतं, बुरशी धरते, प्लायवूड कुजतं. आमच्या मागच्या कोपऱ्यात प्लायवूडवर ओलीचा डाग होता, पण लाकूड अजून टणक होतं.

कॉइल शेवटी साफ केली. मऊ ब्रश, कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या दिशेने वरून खाली, आडवा कधीच नाही. वाकलेले पत्रे त्यासाठीच्या कंगव्याने सरळ केले.

दुपारी दोनला, बाहेर पुन्हा ३८ असताना मोजणी केली. एसीजवळचा झरोका ३.६, पुढचं टोक २.५, आईचा झरोका २.३. परतीच्या जाळीपाशी ३१ असताना जवळच्या झरोक्यात २०, म्हणजे अकराचा फरक, जो असायला हवा तो. तीन तासांनी मागची खोली २७. आईने दुपारी दोन तास झोप काढली. मी दाराशी बसून नुसती बघत होते.

खर्च सांगायचा तर टेपच्या चार गुंडाळ्या, एक बोर्ड, थर्मोकोल, कंगवा आणि साफसफाईचं सामान मिळून दुसऱ्या एसीच्या दरपत्रकाच्या चाळिसाव्या भागाइतकासुद्धा झाला नाही. मेहनत दोन माणसांची, दोन पूर्ण दिवस.

आता झरोक्यांचा समतोल साधायला जवळचे दोन झरोके आम्ही थोडे मिटतो. निम्म्याहून जास्त कधीच नाही, कारण एकूण हवा अडली की कॉइलवर पुन्हा बर्फ धरेल. रात्री पंखा मंद ठेवायचा मोह होतो, तोही टाळतो. दर दोन आठवड्यांनी फिल्टर धुतो. जूनपासून आतापर्यंत बर्फ एकदाही झालेला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस, सहा महिने झाल्यावर, कव्हर पुन्हा उतरवून पाहिलं. पडदी जागच्या जागी होती, कडांवर धुळीचा नवा ओघळ नव्हता. परतीच्या बाजूच्या एका कोपऱ्यात टेपचं टोक बोटभर उचललं गेलं होतं. तो शेवटचा कोपरा होता, अंधारातला, आणि तिथे मी फडकं नीट फिरवलं नव्हतं. टेप सोलून काढली, जागा पुसली, वाळू दिली, नवी पट्टी लावून कार्डाने दाबली. मागच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग वाळून फिका झाला होता.